बेपत्ता मुलीचा दुसरा फोटो

"मूळ फोटो उरलेला नाही," असं माझा मुलगा म्हणाला तेव्हा मुलीची आई आमच्या स्टुडिओत काउंटरसमोरच्या बाकावर बसलेली होती. तिची लेक पुरात बेपत्ता होऊन आठवडा उलटून गेला होता. तिनं मान वर केली नाही. बाप मात्र उठून उभा राहिला.

"उरला नाय म्हंजे? तुमच्याच पेटीत होता ना?"

पेटी म्हणजे कॉम्प्युटर.

"होता," मुलगा म्हणाला. "पण दुरुस्त केलेला फोटो त्याच्यावरच सेव्ह केला. मशीनमध्ये जागा नव्हती. आधीचा गेला."

"मग निगेटिव्ह काढा."

निगेटिव्ह कुठे आहे ते बापाला माहीत नव्हतं. मला अंदाज होता. मी म्हटलं, "तुमच्या बायकोला विचारा."

ती जमिनीकडे बघतच म्हणाली, "चुलीत घातली. नेली त्याच दिवशी घातली."

बाप खाली बसला. बाहेर रस्त्यावर लोक फावड्याने पुराचा गाळ ओढत होते.

आमचा स्टुडिओ महाडच्या बाजारपेठेत. तो माझ्या नवऱ्याने सुरू केला. मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आले तेव्हा नवऱ्याने माझ्या हातात टोक काढलेली पेन्सिल दिली आणि निगेटिव्हवर देवीचे व्रण कसे भरायचे ते दाखवलं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की छापलेल्या फोटोत तेवढी जागा उजळ येते. व्रण गेला, वांग गेला, तीळ गेला, लोक खूश. स्टुडिओत कोणी स्वतःसारखं दिसायला येत नाही. हे मला पहिल्या वर्षीच कळलं आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तो धंदाच आहे.

नवरा गेल्यावर मुलाने कॉम्प्युटर आणले. एक मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला, आणि काही वर्षांनी दुसरा, तोही वापरलेलाच. फोटो अजून रिळावरच काढायचे, मग प्रिंट स्कॅनरवर ठेवून आत घ्यायची आणि आत काय करायचं ते करायचं. पहिल्या मशीनमध्ये फोटो दुरुस्त करायचा जुना प्रोग्राम होता. दुसऱ्यात मुलाने मुंबईहून सीडी आणून नवा घातला. या दोन्हींवरून आमच्या घरात रोज वाद.

जुना प्रोग्राम चटकन उघडायचा. त्यात फोटो म्हणजे एकच पापुद्रा. गालाचं चांगलं कातडं उचलायचं आणि डागावर बसवायचं, झालं काम. चुकलं तर एक पाऊल मागे जाता यायचं, दुसरं नाही. नव्यात थर होते. काचेवर काच ठेवावी तसे. मूळ फोटो खाली तसाच राहायचा, आणि वरच्या काचेवर केलेलं हवं तेव्हा काढून टाकता यायचं. मुलगा त्या थरांवर फार खूश होता. पण ते उघडायला मशीनला इतका वेळ लागे की माझा चहा होऊन, पिऊन, कप विसळून व्हायचा. दोन-तीन थर झाले की माऊसचा बाण जागच्या जागी उभा. मग मेमरी कमी असल्याचा इंग्रजी चौकोन यायचा आणि सगळं हँग. शिवाय थरांसकट सेव्ह केलेला एकेक फोटो एवढी जागा खायचा की बाकी लग्नं कुठे ठेवायची हा प्रश्न.

मला इंग्रजी वाचता येत नाही. कुठल्या चित्रावर दाबलं की काय होतं ते मी जागेवरून पाठ केलं होतं. नव्यात त्या जागाच बदलल्या, म्हणून मी जुन्यावरच बसायची. माझं म्हणणं, नव्यातला चेहरा मेणासारखा गुळगुळीत होतो. मुलाचं म्हणणं, तुझ्या जुन्यात ठिगळं दिसतात. गिऱ्हाइकाला कशातलंच काही कळत नव्हतं. त्याला तो गोरा दिसला की झालं.

मशीन बिघडलं की दुरुस्तीला यायचा तो महाडचाच एक मुसलमान माणूस, आखातात नोकरी करून परत आलेला. बोलायला खट्याळ. एकदा मी त्याला विचारलं, दोन्हींतला कुठला प्रोग्राम बरा? तर म्हणाला, "काकी, नवा बराच आहे. पण त्याला जेवायला पंगत लागते, आणि तुमच्या मशीनचं पोट वाटीएवढं." तेव्हापासून मुलाने वाद घातला की मी वाटी म्हणायची.

ती बेपत्ता झालेली मुलगी आमच्याकडे आली त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या बाजूच्या एका वाडीवरची माणसं. आई तिला घेऊन आली होती. मुलगी लग्नाच्या वयाची, अंगाने धडधाकट, रंगाने सावळी, आणि तोंडावर कोड. ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीवरून गळ्यापर्यंत पांढरा डाग उतरलेला. आई म्हणाली, "स्थळं येतायत, पन आधी फोटो मागतायत. तेवढं काढून टाका. आणि जरा गोरी करा."

मुलगी माझ्याकडे बघून आईला म्हणाली, "लग्न लागताना पन ह्यांना बोलवशील काय? अंतरपाट धरतील नि पुसत बसतील."

"गप बस गो," आई म्हणाली.

मला हसू आलं. मुलीला आलं नाही.

मी जुन्या मशीनवर बसून डाग पुसला. चेहरा उजळ केला. हार्ड डिस्क भरत आली होती म्हणून मुलाने तो फोटो मूळ फोटोवरच सेव्ह केला. सगळ्याच फोटोंचं तो तसं करायचा. जुन्या मशीनवर दुसरं काही करताच येत नव्हतं. दोन दिवसांनी आई प्रिंट न्यायला आली तेव्हा तिनं निगेटिव्हही मागून घेतली. का ते मी विचारलं नाही. मुलींच्या आया निगेटिव्ह नेतात आणि फाडतात किंवा जाळतात. उद्या कोणाच्या हाती लागायला नको म्हणून. आमच्याकडे हे नवीन नाही.

फोटो एका घरी पसंत पडला. पावसात लग्नं नसतात, पण बघाबघी चालते. मुलीचा मामा पोलादपुरात राहतो, त्याच्या घरी बघायला यायचं ठरलं. दिवेलागणीला. ती वेळ आईनेच मागून घेतली होती. पावडर आणि डोक्यावरून पदर, एवढ्यावर निभावून न्यायचा तिचा विचार होता. पुढे काय करणार होती ते तिलाच ठाऊक. आई-बाप तयारीसाठी आदल्या दिवशीच खाली उतरले. मुलगी, तिचा थोरला भाऊ आणि आत्या दुसऱ्या दिवशी भाड्याच्या जीपने निघाली. पाऊस धरून होता. वाटेतल्या ओढ्याच्या फरशी पुलावरून पाणी जात होतं, त्यात जीप घातली आणि ती वाहून गेली.

ड्रायव्हर जीपमध्येच सापडला. भाऊ आणि आत्या पुढच्या दोन दिवसांत खालच्या अंगाला सापडली. मुलगी सापडली नाही.

त्याच पावसात महाडात पाणी भरलं. मशीन आम्ही दरवर्षीसारखी माळ्यावर चढवली होती, ती खाली उतरवून मुलाने दुकान उघडलं. मी घरी चिखल काढत होते. त्यामुळे बाप पहिल्यांदा आला तेव्हा मी दुकानात नव्हते. त्याने फोटो मागितला, मुलाने कॉम्प्युटरमध्ये होता तो काढून दिला, वर 'बेपत्ता' असं मोठं लिहिलं आणि बापाने सांगितला तो मजकूर खाली घातला. त्या कागदाच्या झेरॉक्स काढून बाप हिंडला. पोलादपूर, महाड, दोन्हीकडचे एसटी स्टँड, सरकारी दवाखाने, नदीकाठची गावं, आणि घाटापलीकडे खेडच्या बाजूलासुद्धा.

आठवड्याने नवरा-बायको आणखी कागद न्यायला आले. तेव्हा मी काउंटरवर होते. मराठी मला वाचता येतं. मी कागद वाचला. वय, उंची, साडीचा रंग, आणि त्याखाली: अंगावरील खूण, काही नाही.

मी बापाला विचारलं, "हे तुम्ही सांगितलं?"

तो बायकोकडे बघायला लागला.

"पोलिसांनी विचारलं तेव्हा?"

"नाय सांगितलं."

"दवाखान्यात?"

"तिथं खिडकीवर कागद दाखवायचा. ते बघतात नि नाय म्हनतात. बायकांच्या वॉर्डात आपल्याला कोन सोडनार?"

मी कागद त्यांच्यासमोर धरला. "ही बाई कोणी बघितलीच नसेल. ही बाई नाहीच कुठे. ही मी केलेली आहे."

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "पोरगा जाळून आलोय आमी. आता हिच्या नावाला तरी डाग लावू नका. गावली तर उद्या लगीन करायचं हाय तिचं."

"गावली तर," मी म्हटलं.

बाप म्हणाला, "लिहा हो. कोड हाय म्हनून लिहा."

"लिवायचं नाय!" ती एकदम ओरडली. "लिवलं की त्ये वाचत बसतात. फोटोत असंल तर असू दे. लिवायचं नाय."

लिहिणं आणि दाखवणं यात तिला काय फरक वाटत होता मला कळलं नाही. पण ती तेवढ्याला तयार झाली हे पुष्कळ होतं. म्हणून मुलगा मूळ फोटो शोधायला बसला. आणि मूळ फोटो नव्हता. मुलीचा डागासकट दुसरा एकही फोटो नव्हता, कारण डाग उठल्यापासून आईने तिला कुठल्याच फोटोत उभं राहू दिलं नव्हतं.

मुलाने दुरुस्तीवाल्याला बोलावून आणलं. गेलेला फोटो हार्ड डिस्कवरून परत काढता येतो का ते त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही. "काकी, नुसता पुसला असता तर काही करता आलं असतं. इथे त्याच जागेवर दुसरं लिहिलंय. पाटीवर पुसून परत लिहिल्यावर आधीचं कसं वाचणार?"

मी म्हटलं, "मग डाग नव्याने काढू या."

मी पुसला तर माझ्या लक्षात असेल असं बापाला वाटलं. माझ्या लक्षात नव्हतं. मी दिवसभर डाग पुसते. कुठला कोणाचा ते लक्षात ठेवलं तर मला वेड लागेल. आईलाच सांगावं लागणार होतं.

मुलगा म्हणाला, नव्या प्रोग्राममध्ये करू, डाग वेगळ्या थरावर येईल. आईने त्याला विचारलं, "म्हंजे उद्या काडता येल?"

"येईल. एका बटणाने."

"मंग करा."

पण डाग काढण्याआधी दुसरं काम होतं. मुलगी आम्ही गोरी केली होती. गोऱ्या तोंडावर पांढरा डाग कागदावर दिसणारच नाही, झेरॉक्समध्ये तर मुळीच नाही. मी तिला सांगितलं, "आधी तुझी लेक सावळी करावी लागेल."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्याकडून काही ओरबाडून घेतेय. "ते पन?"

"ते पण."

मुलाने एक थर टाकून चेहरा गडद केला, दुसरा टाकून डाग सुरू केला, आणि बाण उभा राहिला. आम्ही वाट बघितली. मग चौकोन आला, मग पडदा निळा. परत सुरू केलं. दुरुस्तीवाल्याने डबा उघडला. आत पुराची ओल बसून बुरशीचा वास येत होता. त्याने मेमरीची पट्टी उपटली, तिची सोनेरी कड शाळेतल्या खोडरबराने घासली, फुंकर मारून परत बसवली. फोटो लहान केला, रंग काढून काळा-पांढरा केला, बाकी सगळं बंद केलं. या वेळी डाग अर्धा झाला. सेव्ह करताना परत हँग. तिसऱ्यांदा वीज गेली. यूपीएस ओरडायला लागला आणि त्याची बॅटरीही ओलीच, ती लगेच बसली.

वीज यायला दुपार झाली. तोवर ते नवरा-बायको बाकावर बसून होते. मी चहा दिला, तो बापाने घेतला.

दुरुस्तीवाला म्हणाला, "काकी, याच्यात होणार नाही. तुमच्या वाटीवाल्यात करा."

मुलाने आईला समजावलं. जुन्या प्रोग्राममध्ये थर नाहीत. डाग फोटोतच बसेल. मग काढता येणार नाही.

"कायमचा?"

"त्या फोटोत कायमचा."

स्वच्छ फोटोच्या प्रिंट तिच्या घरी ट्रंकेत होत्या. मुलगा म्हणाला, हवं तर पुढे त्यांतली एक परत स्कॅन करू. आणि कागद भिंतीभिंतीवर लागल्यावर कॉम्प्युटरच्या आत काय काढता येतं याला काय अर्थ होता? पण त्या बटणाचा तिला आधार होता, आणि तो आता गेला. तिचं ठरेना. मी फार थांबणारी बाई नाही. मी म्हटलं, "हे बघ, मुलगी पाहिजे का फोटो पाहिजे ते एकदा सांग. फोटो पाहिजे असेल तर मी दुकान बंद करते."

बाप म्हणाला, "अगो, सांग की!"

ती उठली आणि माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिली.

मी जुन्या मशीनवर चेहरा सावळा केला. मग माऊस ओठाच्या कोपऱ्यावर नेऊन विचारलं, इथून का? ती म्हणाली, "हां, जरासाच."

"जरासा कसा?" बाप मागून म्हणाला. "सगली हनुवटी नाय काय?"

"अर्धीच."

"तू बघितलंस काय कधी तिच्या तोंडाकडं?"

ती त्याच्याकडे वळली. मला वाटलं आता इथेच भांडण लागतं. पण तिनं पुढे होऊन मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवलं आणि ओठापासून खाली ओढत नेलं. हनुवटीला वळसा घातला, मध्ये एक सावळं बेट सोडलं, आणि गळ्यावर येऊन थांबली. न अडता, न चाचपडता. मग परत तिथूनच वर नेलं. मी तिच्या बोटामागून माऊस चालवत गेले. मध्येच म्हणाली, "हितं जरा आत हाय." मी आत घेतलं. काचेवर तिच्या बोटाचा तेलकट माग उमटला होता, तो आणि माझा डाग एकमेकांवर बसले.

झाल्यावर ती म्हणाली, "कानामागं पन हाय. ते फोटोत येयाचं नाय." आणि परत जाऊन बाकावर बसली.

पहिली झेरॉक्स काढली तर डाग शाई न लागल्यासारखा दिसायला लागला. झेरॉक्सवाल्याने मशीन खराब आहे समजून दुसरी काढून दिली. म्हणून मी डागाची कड थोडी गडद केली. फोटो चांगला आला नाही. धंद्यात असला फोटो मी कोणाला दिला नसता. बापाने तो हातात घेतला आणि म्हणाला, "हां. ही."

खाली 'काही नाही' होतं ते काढलं, पण खूण लिहिली नाही. आईचा शब्द तेवढा राखला.

बाप परत सगळीकडे फिरला. घाटापलीकडच्या एका दवाखान्यात खिडकीवरच्या बाईने कागद बघितला आणि त्याला आत घेऊन गेली. त्याच खिडकीवर तो पहिला कागद दाखवून गेला होता. त्या वेळीही मुलगी आतच होती. पाण्याने तिला हायवेजवळ काठाला टाकलं होतं. एका ट्रकवाल्याने उचललं. महाडकडचा रस्ता पाण्याखाली, म्हणून तो तिला घेऊन घाट चढून पलीकडे गेला आणि दवाखान्यात सोडून निघून गेला. डोक्याला मार, पाय मोडलेला, तोंडातून शब्द नाही. अनोळखी म्हणून नोंद झाली होती. पहिल्या कागदावरची गोरी, नितळ मुलगी आणि त्या खाटेवरची बाई एकच असं कोणाच्या डोक्यात येणार?

पाय वेळेवर बसवला गेला नाही. ती पुढे लंगडत चालायची. हे मी एकदा पोलादपूरच्या स्टँडवर लांबून बघितलं. बरोबर बाप होता. मी हाक मारली नाही.

ती सापडल्यावर महिन्याभराने आई दुकानात आली. मला वाटलं पेढे घेऊन आली. ती म्हणाली, "ते कागद आता काडून घ्या."

"मी लावले नाहीत," मी म्हटलं. "ज्याने लावले त्याला सांग."

"त्या स्थळाच्या लोकांनी बघितलं. नको म्हनून निरोप आला. सगल्या तालुक्यानं बघितलं."

"मग बघू दे."

ती दारात गेली आणि तिथून म्हणाली, "तुमच्या हातानं पुसलंत नि तुमच्याच हातानं लावलंत." पुढे बाजारात ती लोकांना सांगायची की स्टुडिओवालीने माझ्या मुलीला डाग लावला. काही लोकांनी ते खरं मानलं. काही आया आपल्या मुलींना दुसऱ्या स्टुडिओत न्यायला लागल्या. मुलगा मला म्हणायचा, जाऊन तिला समजाव. मी गेले नाही. काय समजावणार? तिचा मुलगा गेला होता. मुलगी आली होती ती मोडून आली होती. कोणाला तरी शिव्या घालायला पाहिजेत, त्या मला घातल्या.

एसटी स्टँडवरचे कागद उन्हापावसाने आपोआप गेले. मुलीचं लग्न झाल्याचं माझ्या कानावर आलं नाही. ती दोन्ही मशीनंही गेली, पुढच्या एका पुरात माळ्यावर चढवायला उशीर झाला तेव्हा. नवी आली त्यांत नवा प्रोग्राम चहा व्हायच्या आत उघडतो, आणि मुलगा मूळ फोटो वेगळा ठेवतो.

त्या जीपमध्ये चौघं होती. ड्रायव्हर मेला, भाऊ मेला, आत्या मेली. मुलगी जगली.